टेप म्हणते थांब, गाय म्हणते ये

आमच्या आष्टीत उन्हाळ्यात कुंपणावरून मागणं येतं ते ताकाचं, नाहीतर कुरडयांच्या सोऱ्याचं. शेजारच्या वहिनींनी वैशाखातल्या एका सकाळी मागितलं रॉकेल.

"वाटीभर द्या ताई. लगेच आणून देते."

"रॉकेल? वहिनी, कुठल्या जमान्यातलं मागायलात? आता कुणाच्या घरात राहिलंय रॉकेल? आणि कशाला पाहिजे, ढेकूण झालेत की काय?"

मी हे जरा मोठ्यानं बोलले असणार. कारण दुपारपर्यंत गल्लीत बातमी पोचली होती की डॉक्टरांच्या घरात ढेकूण झालेत, आणि संध्याकाळी समोरच्या काकूंनी त्यांच्या पोराला तिकडं खेळायला जाऊ दिलं नाही. प्रत्यक्षात ढेकूण नव्हते. भानगड होती डॉक्टरांच्या मोटारसायकलच्या डिक्कीची.

डॉक्टर म्हणजे वहिनींचे मालक. माणसांचे डॉक्टर नव्हेत, आणि खरं बोलायचं तर जनावरांचेही नव्हेत. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये अशा गावोगावच्या तंत्रज्ञांना 'मैत्री' असं नाव दिलंय. पण गोठ्यात जो हातमोजा घालून उभा राहतो, त्याला आमचा शेतकरी डॉक्टरच म्हणतो. कड्यापासून धानोऱ्यापर्यंत दुधाचा धंदा मोठा, त्यामुळं ह्या माणसाची मोटारसायकल दिवसभर रस्त्यावर असते. एका बाजूला लोखंडी चौकटीत द्रव नायट्रोजनचा कंटेनर उभा बांधलेला आणि मागं ही काळी डिक्की.

"आता त्या डिक्कीला काय झालं?" मी विचारलं.

"चिकटायलीय सगळी आतनं. आत फोम लावलेला होता ना, तो वितळला का सडला कुणास ठाऊक. हात घातला की काळं. काल एका शेतकऱ्याला पावती दिली तर ती त्याच्या बोटाला चिकटली ती सुटेचना. तो म्हणला, डॉक्टर, पैसे नाही दिले तरी पावती सोडायची नाही म्हणते बघा."

डिक्की वहिनींनी कुंपणाच्या खांबावर आणून ठेवली. उघडली, आणि पेट्रोलचा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागं सरले.

"ह्यांनी रात्री पेट्रोलनं पुसली," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणत होते नको."

पेट्रोलनं गोंद निघाला नव्हता, पातळ होऊन सगळीकडं पसरला होता. आधी तो कडेकडेला होता, आता काकवीसारखा ओघळून चारी कोपऱ्यांत गेला होता. त्यात मूठभर भुगा झालेला फोम, दोन मेलेल्या माश्या, आणि गाईच्या कानात मारायचा बारा अंकी पिवळा बिल्ला. कुण्या गाईचा नंबर त्या चिखलात अडकून बसला होता, देव जाणे.

"आणि ही अशी बंद डिक्की घेऊन उन्हात फिरणार होते? गोठ्यात एखादा बिडी ओढत उभा असतो. झाकण उघडलं आणि ठिणगी उडाली म्हणजे?"

"तेच म्हणते मी. आता तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

नवऱ्यानं बायकोचं ऐकायचं नाही आणि तेच शेजारणीनं सांगितलं की ऐकायचं, हा नियम आमच्या गल्लीत सगळ्याच घरांत पाळला जातो. पण डिक्कीतलं मला तरी काय कळणार? मी ब्लाऊज शिवते. म्हणून मी आवाज दिला अप्पांना.

अप्पा आमच्या मागच्या बाजूला राहतात. एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बसची बॉडी बांधण्यात उभी हयात गेली. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर ओळीनं मारलेली रिबिटं, हाच त्यांचा जगाकडं बघायचा चष्मा. काठी टेकत आले, डिक्की उलटी केली आणि आत बघायच्या आधी तळ बघितला.

"पोरी, चष्मा दे. इथं त्रिकोणात काय लिहिलंय?"

"पीपी."

"मग वाचली डिक्की. एबीएस असती तर थिनरनं नाहीतर नेलपॉलिशच्या रिमूव्हरनं आतलं प्लास्टिकच विरघळलं असतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते दम धरतं. पण त्यातच दुसरी गोम आहे. ह्याच्यावर काही चिकटतही नाही. म्हणून तर फोम सुटला."

"पण चिकटलाय की हो! निघंना झालाय!" वहिनी म्हणाल्या.

"चिकटायला पाहिजे होता तेव्हा सुटला, आणि सुटायला पाहिजे तेव्हा चिकटलाय. माझा धाकटा भाऊ तसाच आहे."

त्या भावाची गोष्ट आम्हाला पाठ होती, म्हणून मी घाईनं विचारलं, "फोमचा असा भुगा का होतो अप्पा?"

अप्पांनी सांगितलं ते असं. स्वस्तातला पिवळसर फोम असतो तो पॉलियुरेथेनचा. उष्णता आणि दमट हवा मिळून त्याला आतून तोडतात. तो आधी मऊ पडतो, मग चिकट होतो आणि शेवटी भुगा. आपल्याकडं वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो. काळी डिक्की उन्हात बंद उभी असली की आत त्याच्याही वर. मागं लावलेला रबरी गोंद त्या उन्हात नरम पडतो. म्हणजे फोम मरतो आणि गोंद पळतो, दोन्ही एकदम.

"म्हणजे ऊन लागून बिघडलं," मी म्हणाले.

"आणि उन्हानंच निघणार. तासभर उन्हात ठेवा उघडी. आधी पेट्रोलचा वास जाऊ द्या, तोवर कुणी काडीसुद्धा ओढायची नाही जवळ."

वहिनींनी डिक्की गच्चीवर नेली. गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या.

रॉकेलचा प्रश्न अप्पांनी निकालात काढला. रबरी गोंदाला तेल चालतं, म्हणाले. खोबरेल, करडई, जे घरात असेल ते लावून ठेवायचं, गोंद फुगतो आणि पकड सोडतो. सगळ्यात चांगलं निलगिरीचं, मेडिकलमध्ये छोटी बाटली मिळते. पण तेही आधी तळाला एका कोपऱ्यात लावून बघायचं, प्लास्टिक पांढरं पडतंय का, मऊ होतंय का. एबीएसला निलगिरीही बाधू शकते. मग खरवडायचं ते ब्लेडनं नाही. ब्लेडनं ओरखडे पडतात आणि ओरखड्यात घाण बसते. जुनं एटीएम कार्ड घ्यायचं.

"ह्यांच्याकडं बंद पडलेली तीन आहेत," वहिनी म्हणाल्या, आणि मग गल्लीला बँकेच्या भानगडी कळायला नकोत म्हणून लगेच, "म्हणजे जुनी हो, मुदत संपलेली."

तो सगळा कार्यक्रम गच्चीवर चालला. निलगिरी ओतली, वर फडकं टाकून ठेवलं म्हणजे उडून जाणार नाही, मग कार्डानं खरवडून काळे लोळे काढले. मी कुंपणाशी उभी राहून वरच्या बातम्या खाली सांगत होते. कोपऱ्यांसाठी जुना दात घासायचा ब्रश. शेवटी भांड्याच्या साबणानं दोनदा धुतलं, कारण तेल राहिलं तर त्यावर नवीन काही धरत नाही. गोंद काढायला तेल लागतं, नवीन लावायच्या आधी तेलाचा थेंब राहता कामा नये. साबणानंतर स्पिरिटचं फडकं, एकाच दिशेनं, आणि फडकं प्रत्येक वेळी नवीन. नाहीतर काढलेला तेलकटपणा परत पसरवून ठेवायचा.

त्या वर्षीच्या वहिनींच्या कुरडयांना निलगिरीचा वास होता. त्यांनी त्या नणंदेला पाठवल्या. नणंदेचा फोन आला की कुरडया खाल्ल्यावर सर्दी गेली.

डिक्की स्वच्छ झाल्यावर एक नवीनच गोष्ट उघड झाली. झाकणाच्या आतून एक आरसा चिकटवलेला होता. फोमखाली अर्धा झाकला गेलेला. वहिनींची मान एकदम ताठ झाली.

"ह्यांना आरसा कशाला लागतो गोठ्यात?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी शेजारणीनं गप्प राहावं आणि सगळं ऐकावं. पण डॉक्टर नेमके घरी आले आणि त्यांनी खुलासा केला. डिक्की जुनी घेतलेली. आधी ती एका औषध कंपनीच्या एमआरची होती, त्याची बदली झाली तेव्हा विकली. तो पोरगा प्रत्येक दवाखान्यात शिरायच्या आधी झाकण उघडून भांग पाडायचा.

"आणि लग्न जमलं का त्याचं?" वहिनी.

"जमलं. कड्याच्याच एका केमिस्टची मुलगी."

"मग आरसा लागू पडला म्हणायचा," असं म्हणून वहिनी शांत झाल्या. आरसा काढायचा ठरला, पण तो लावलेला होता फोमच्या दोन्ही बाजूंना डिंक असलेल्या टेपनं. ती टेप ॲक्रिलिकची, तेलाला दाद देत नाही. उचकटायला गेलं तर काच फुटणार.

अप्पा म्हणाले, "गळाची तंगूस आणा."

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. वहिनींच्या पोराकडं होती. केसांच्या ड्रायरनं टेप कोमट केली, तंगूस काचेच्या मागून घातली आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखी पुढं-मागं ओढली. फोम कापला गेला, आरसा हातात आला. प्लास्टिकवर राहिलेला डिंक अंगठ्यानं घासून घासून गोळी करून काढायचा, ड्रायरची ऊब देत देत. हे काम वहिनींनी केलं. अंगठा दुखला म्हणाल्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं. कुणाची तरी भानगड खरवडून काढताना ते असतंच.

आता परत सगळं लावायचं. इथं खरी मजा आली.

डिक्कीत लागतं काय काय? रेतनाची गन. तिच्यावर चढवायच्या शीथ, त्यांना घाण लागून चालत नाही, नाहीतर गाईच्या पिशवीला बाधा. कोपरापर्यंतचे हातमोजे. चिमटा, गोठवलेल्या रेताची कांडी कापायची कात्री, बॅटरी. गरम पाण्याचा छोटा थर्मास आणि तापमापी, कारण नायट्रोजनमधून काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा मिनिट धरावी लागते. नायट्रोजन आहे उणे १९६ अंश. ह्या दोन आकड्यांच्या मधे डॉक्टरांची सगळी रोजीरोटी.

"मग नायट्रोजनचा कंटेनर डिक्कीत का नाही ठेवत? ऊन तरी लागणार नाही," समोरच्या काकूंनी विचारलं. ढेकूण नाहीत हे कळल्यावर त्या आल्या होत्या.

"काकू, एक लिटर नायट्रोजनची हवा झाली की जवळजवळ ७०० लिटर होते. त्याचं बूचसुद्धा सैल ठेवतात. बंद डब्यात कोंडला तर डब्यासकट जाऊ," डॉक्टर म्हणाले. काकू कुंपणापासून जरा लांब सरकल्या.

डॉक्टरांचं म्हणणं होतं, चांगली लाल कागदाची महागाची टेप आणू आणि सगळं एकदम चिकटवून टाकू. अप्पांनी मान हलवली.

"आणा. पण ती टेप लावल्यावर दाबून धरायची आणि सोडून द्यायची. २० मिनिटांत निम्मी पकड, २४ तासांत नव्वद टक्के, पुरी व्हायला ७२ तास. तीन दिवस तिच्यावर वजन नाही. शिवाय पीपीवर आधी प्रायमर लावावा लागतो, तो नसेल तर तीन दिवस काय, तीन महिने थांबा."

"तीन दिवस!" डॉक्टरांचा आवाज चढला. "अप्पा, गाय माजावर असते बारा ते अठरा तास. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चुकली तर पुन्हा २१ दिवस. त्या शेतकऱ्याला काय सांगू, टेप सुकायलीय?"

टेप म्हणते थांब आणि गाय म्हणते ये. ह्या भांडणात गाय जिंकणार हे आष्टी तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

"मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ साली बाएफ काढली ती ह्याच्यासाठीच," अप्पा म्हणाले. अप्पांना बस सोडून दुसरंही काही माहीत असतं ह्याचं आम्हाला दरवेळी नवल वाटतं. "गाय दवाखान्यात न्यायची नाही, सेवा गोठ्यात न्यायची. आता सेवा गोठ्यात न्यायची तर डिक्की चालती पाहिजे. म्हणून मी सांगतो, चिकटवायचंच कशाला? रिबीट मारा."

"रिबिटानं भोक पडतं, पावसाचं पाणी आत येतं," डॉक्टर.

"लाल डब्याला हजारो भोकं होती."

"आणि लाल डबा गळत होता अप्पा," मी म्हणाले.

अप्पा माझ्यावर दोन दिवस रागावले होते, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात शिलाईचा विचार आला होता आणि तो सांगितल्याशिवाय राहवेना.

झालं असं की मी जुन्या डिक्कीतला निघालेला वेल्क्रो बघत होते. एका स्विस इंजिनिअरनं, जॉर्ज द मेस्त्रालनं, १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली कुसळं बघून हा काढला असं पोरांच्या पुस्तकात होतं. आमच्या साडीच्या काठाला आघाडा चिकटतो तशातलाच प्रकार. आता गंमत बघा. वेल्क्रोचे आकडे शाबूत होते, मखमलही शाबूत होती. सुटला होता तो मागचा डिंक. कारण आपण वेल्क्रो उघडतो कसा? एका टोकाला धरून सोलतो. प्रत्येक वेळी तो ओढा मागच्या डिंकाच्या कडेवर येतो. डिंकाला सरळ घसरवत ओढा, तो दाद देत नाही. कडेनं सोला, एका बोटानं येतो. केळं सोलायला कुणी पैलवान बोलावत नाही.

म्हणजे डिंकावर सोलायचा भार द्यायचाच नाही. मी ब्लाऊजला हुक चिकटवत नाही, शिवते. वेल्क्रोही शिवायचा.

"पण प्लास्टिकला शिवणार कशी?" वहिनी.

"प्लास्टिकला नाही. रेक्झीनला."

मग मी डिक्कीचं माप घेतलं. जाड रेक्झीनची एक लांब पट्टी, तिच्यावर कप्पे. गनसाठी लांब, चिमट्यासाठी छोटा, शीथसाठी वरून झाकण असलेला. बॅटरीला वेल्क्रोचा पट्टा, दोन्ही बाजूंनी शिवलेला. वरच्या कडेत ॲल्युमिनियमची पट्टी घातली, ती अप्पांनी दिली, म्हणजे राग गेला होता. झाकणाच्या बिजागरीचे जे बोल्ट कंपनीचेच होते, तेच जरा लांब आणून त्यात ती पट्टी अडकवली. रबरी वायसर खाली. एकही नवीन भोक नाही, डिंकाचा एक थेंब नाही. धुवायची वेळ आली की दोन नट काढायचे, पट्टी बादलीत टाकायची.

तळाचा फोमही चिकटवला नाही. स्टेशनरीच्या दुकानातून ईव्हीएची शीट आणली, ती सहजी सडत नाही. मापापेक्षा किंचित मोठी कापून दाबून बसवली. भिंतींच्या दाबानंच राहते, उचलली की निघते. जे धुवावं लागणार ते चिकटवू नये, एवढं तत्त्व ठरलं आणि काम अर्ध्यावर आलं. टेप लावली फक्त तापमापीच्या नळीला, प्रायमर लावून. ती तीन दिवस सुकत बसली, तोवर तापमापी डॉक्टरांच्या खिशात. कुठल्याही गाईची संध्याकाळ चुकली नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, बालाघाटावरची सीताफळं संपली. पट्टी जागेवर आहे. आता तिची कीर्ती झाली. पोस्टमनचं झालं, विमा एजंटाचं झालं, एका शिक्षकांनी पेपरच्या गठ्ठ्यांसाठी कप्पा शिवून घेतला. अप्पा पट्टी कापून देतात, गच्चीवर निलगिरीचं काम वहिनींचं. कुरडया आता त्या माझ्या गच्चीवर घालतात.

परवा एक कार्यकर्ते आले. नाव सांगत नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांच्या डिक्कीवर बाहेरून पक्षाचा भलामोठा स्टिकर होता आणि आत झाकणाला साहेबांचा फोटो. दोन्ही काढायचे होते, निकडीनं.

अप्पांनी डिक्की उलटी करून त्रिकोण बघितला. "पीपी आहे. निघंल. ऊन द्यावं लागंल, तेल लावावं लागंल, दोन दिवस लागतील."

"चालंल. पण अप्पा," कार्यकर्ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "डिंक सगळाच काढू नका. थोडा ठेवता आला तर ठेवा. जिल्ह्याचं काही सांगता येत नाही, परत तोच लावायची पाळी यायची."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. अप्पा मात्र कामाचा माणूस, विचारात पडले.

"मग चिकटवतोस कशाला बाबा? ताईकडनं रेक्झीनवर शिवून घे, मागं वेल्क्रो. सकाळी एक लाव, संध्याकाळी दुसरा."

मी दर सांगितला. पैसे आगाऊ घेते, हेही सांगितलं.